तिसऱ्या चढाईला कोण जाईल?

विजू गेली त्याच्या आठ दिवस आधी मी तिला हॉस्पिटलात भेटायला गेले होते. दुपारची वेळ होती. हाताला सलाइन लावलेलं आणि बाईसाहेब उशीला टेकून मोबाइलवर आमच्या मुलींचा सराव बघत होत्या. कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. मला बघून तिनं पाय आखडून खाटेवर जागा केली आणि तब्येतीबद्दल एक अक्षर न काढता विचारलं, "काय गो, ही नवी मुलगी पहिल्या चढाईला जातेय. तुला काय वाटतं, पुरी पडेल?" मी म्हटलं, "पाय हलके आहेत, पण वळताना घाई करते." त्यावर विजू म्हणाली, "घाई नाही ती. घाबरते पोर. सांभाळून घ्या." मग घाई की भीती यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. नर्स येऊन दोनदा दटावून गेली.

खरं तर मी वाद घालायला गेलेच नव्हते. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. मुलुंडहून रिक्षात बसल्यापासून मी ती मनातल्या मनात घोकत होते. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, सगळं ठरवलं होतं. पण विजूचा चेहरा त्या वादानं इतका खुलला होता की म्हटलं, आज नको. चार दिवसांत घरी सोडणार आहेत, घरी निवांत सांगू... चार दिवसांत तिला घरी सोडलं नाही. मी शाळेच्या ऑफिसात बसले असताना आमच्या मंडळाचे सचिव मोरेभाऊ यांचा फोन आला. "सुनंदाताई, विजूबाई गेल्या," एवढंच म्हणाले आणि फोनवरच रडायला लागले. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या न सांगितलेल्या गोष्टीचा. मैत्रीण गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

विजू आणि मी घाटकोपरच्या भटवाडीत एका गल्लीत वाढलो. ती मालवणकडची, मी साताऱ्याकडची. तिचे वडील गिरणीतले, माझे महापालिकेत. दोघींनाही कबड्डीचं वेड कसं लागलं ते आठवत नाही, पण आठवीत असताना आम्ही मैदानाच्या कडेला उभ्या राहून मोठ्या मुलींच्या चुका काढायचो, हे पक्कं आठवतं. पुढे आम्ही दोघीही खेळलो. ती कोपऱ्यात, मी मध्ये. तिच्या हातात घोटा सापडला की चढाईवाली मुलगी सुटायची नाही. मी बेताची होते. लग्नं झाली, मुलं झाली, खेळ सुटला. मग चाळिशीच्या अलीकडे विजूला लहर आली आणि मंडळाचा मुलींचा संघ तिनं पुन्हा उभा केला. घरी ब्लाउज शिवायची ती. चारला मशीन बंद करून पाचला मैदानात हजर. संघाच्या जर्सीसुद्धा तिनंच शिवल्या, आणि बापाची परवानगी नसलेल्या मुलींच्या घरी जाऊन बापांना बोलूनही तीच आली. बोलून म्हणजे झापून.

संघाची वही माझ्याकडे होती. मी शाळेत लेखनिक, आयुष्य निकालपत्रकं लिहिण्यात गेलेलं. जे कागदावर नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. प्रत्येक सामन्यात मी बाकाच्या टोकाला बसून आमच्या मुलींची प्रत्येक चढाई लिहायचे. गुण मिळाला तर निळ्या पेनानं आकडा, रिकामी परत आली तर शून्य, पकडली गेली तर लाल फुली. विजू हसायची. "तू मेलीस की चित्रगुप्त ही वही मागून घेईल," म्हणायची. मला त्या थट्टेचा राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. मोरेभाऊ, विजू आणि मी, अशी आमची तिघांची निवड समिती होती आणि वादाचा निकाल बहुतेक वेळा माझ्या वहीवर लागायचा.

समितीचा एक नियम होता. आधीच्या काळात एका पदाधिकाऱ्याच्या पुतणीवरून मंडळात मोठं भांडण झालं होतं, मुली सोडून गेल्या होत्या. म्हणून नव्यानं संघ उभा करताना विजूनं आणि मी मिळून ठरवलं की समितीत बसलेल्या कुणाच्याही घरच्या माणसाचा विषय निघाला की समितीतल्या त्या सभासदानं उठून बाहेर जायचं. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही आणि आतल्यांनी सांगायचं नाही. बाहेर जाणाऱ्यानं घरच्या माणसाबद्दल चांगलं-वाईट एक शब्दही काढायचा नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. आमच्यासारखं स्वच्छ काम उपनगरात दुसऱ्या कुठल्या मंडळात होत नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

पूर्वा ही विजूची मुलगी. दहावीनंतर संघात आली तेव्हा तिनं येऊ नये म्हणून घरात सगळ्यांत जास्त कुरकूर विजूनंच केली होती. पण मुलगी खेळायची छान. उंच, लांब हातांची, मध्यरेषा ओलांडताना खांदे पाडून जायची. दोन वर्षांत ती आमची मुख्य चढाईवाली झाली. आणि मग गल्लीत चर्चा सुरू झाली. वडापावच्या गाडीवर, मैदानाच्या कट्ट्यावर, हळदीकुंकवातसुद्धा एकच विषय. पूर्वा पहिल्या सातांत बसण्याइतकी चांगली आहे का? का ती प्रशिक्षकाची मुलगी म्हणून आहे? कुणी म्हणायचं, बोनसचे गुण बरे काढते. कुणी म्हणायचं, ऐन वेळी हमखास पकडली जाते. ऐश्वर्या नावाची दुसरी मुलगी होती, लहानखुरी, चपळ. तिला संधी द्या म्हणणारे वाढायला लागले. विजूच्या कानावर हे सगळं जायचं. ती खडूच्या पिशवीत हात घालून मैदानाच्या रेषा आखत राहायची.

कबड्डी न पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाई करणारी बाद. पहिल्या दोन चढायांत तुम्ही नुसतं जाऊन, समोरच्यांना हुलकावण्या देऊन घरी परत आलात तरी चालतं. तिसऱ्या वेळी तशी सोय नाही. समोरच्या सात जणींनाही ते माहीत असतं, त्या वाट बघत असतात. हा नियम मला पाठ होता. पण माझ्या वहीत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईला वेगळा रकाना नव्हता. तीस वर्षं पत्रकं लिहिणाऱ्या बाईला तो आखायचं सुचलं नाही.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात बोरिवलीला मोठी स्पर्धा होती. तिथे जिल्हा संघाचे निवडकर्ते येणार होते. जिल्ह्यात नाव लागलं तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा, त्यामुळे प्रत्येक मुलीच्या घरचं लक्ष आमच्या यादीवर होतं. आदल्या संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. सहा नावं पटापट ठरली. सातव्या जागेला मोरेभाऊ खाकरले. विजू उठली, दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. मोरेभाऊ म्हणाले, "पूर्वाला राहू द्या. सवयीची मुलगी आहे." मी वही उघडली. पूर्वाची पानं लाल फुल्यांनी भरलेली होती. ऐश्वर्याची पानं स्वच्छ, निळे आकडे, शून्यं, क्वचित एखादी फुली. मी दोन्ही पानं शेजारी धरली आणि म्हटलं, "भाऊ, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार? आपली मैत्रीण म्हणून डोळे झाकायचे? नियम मग केला कशाला?" मोरेभाऊंनी पानं पुढे-मागे उलटून पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसं."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. मैत्री बाजूला ठेवून आपण न्यायानं वागलो, असं काहीतरी. मी दार उघडलं. विजू पायरीवरून उठली, माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. आत येऊन तिनं कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं सातवं नाव ऐश्वर्याचं लिहिलं. पेनाला टोपण लावताना तिनं फक्त विचारलं, "तिसऱ्या चढाईला कोण जाईल?"

मी म्हटलं, "कुणीही जाईल. त्यात काय एवढं."

ती "बरं" म्हणाली. एवढंच. नियमात राहून जितकं बोलता येईल तितकं ती बोलली होती आणि मला ते कळलं नाही. गेल्या कित्येक रात्री मी ते "बरं" ऐकते आहे.

बोरिवलीला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. तिसऱ्या चढाईची वेळ आली की मुली एकमेकींकडे बघायच्या. मग ऐश्वर्या जायची आणि परत यायची नाही. मी इमानेइतबारे लाल फुल्या मारत होते. पूर्वा राखीव मुलींमध्ये गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसली होती. शेवटची पाच मिनिटं तिला उतरवलं तेव्हा सामना हातचा गेलेला होता. परत येताना आमचा टेम्पो आरेच्या रस्त्यानं आला. ऐश्वर्या सगळा रस्ता रडत होती आणि विजू तिच्या पाठीवर हात फिरवत होती. पूर्वा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, आजचा दिवस वाईट होता, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष आलं ते सगळी मैदानं बंद करूनच आलं. दोन वर्षांनी खडूच्या रेषा पुन्हा पडल्या तेव्हा पूर्वा खेळायची सोडून अंधेरीत एका कंपनीत लागली होती. नंतर लग्न करून बोरिवलीला गेली. सणावारी यायची, तासभर बसायची. आई-मुलीत काहीतरी बिनसलंय हे दिसायचं. मी विजूला विचारलं तर म्हणायची, "नोकरीवाल्या पोरींना वेळ कुठे असतो, गो." माझं तिच्या घरी जाणं, जेवणं, वाद घालणं सगळं पहिल्यासारखं चालू होतं. त्या संध्याकाळबद्दल तिनं मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

गेल्या वर्षी कुणीतरी आमच्या जुन्या सामन्याचं चित्रण ग्रुपवर टाकलं. पूर्वा खेळत होती तेव्हाचं, समोरच्या बाजूनं काढलेलं. त्यात आमचा बाक दिसत होता. टोकाला मी, मान खाली, वहीत डोकं. शेजारी विजू. सहज बघत होते आणि मला दिसलं की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की विजू उभी राहून ओढणी सोडते आणि पुन्हा कमरेला खोचते. तेवढं झालं की पूर्वा पुढे येते, दुसऱ्या मुली मागे सरकतात. मी चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग वही काढली आणि सामना थांबवत थांबवत एकेक फुली जुळवली; ग्रुपवर सापडली ती इतर जुन्या सामन्यांची चित्रणंही तशीच पाहिली. जवळजवळ सगळ्या लाल फुल्या तिसऱ्या चढाईच्या होत्या. ज्या चढाया दुसऱ्या कुणाला झेपल्या नसत्या त्या सगळ्या विजूनं स्वतःच्या मुलीला दिल्या होत्या, आणि तरीही त्यांतल्या कितीतरी पूर्वानं गुण घेऊन परत आणल्या होत्या. ऐश्वर्याचं पान स्वच्छ होतं कारण तिला तिथे कधी पाठवलंच नव्हतं. तीन हातांवर बसून मी हे बघितलं नव्हतं. समितीतल्या ज्या एका माणसाला हे माहीत होतं त्याला आम्ही नियमानं दाराबाहेर बसवलं होतं.

तेव्हापासून विजू गेली तोवर दहा-अकरा महिने मिळाले होते मला. या काळात मी तिला किती वेळा भेटले असेन. दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी काहीतरी निघायचं. एकदा गिऱ्हाईक आलं, एकदा लाइट गेले, एकदा ती इतकी खुशीत होती की तिचा दिवस नासवू नये असं वाटलं. ही सगळी कारणं खोटी आहेत. मला चूक कबूल करायची सवय नाही, एवढंच खरं. शाळेतसुद्धा पत्रकात खाडाखोड केलेली मला खपत नाही.

विजूचे दिवस झाले आणि महिनाभरानं मी वही पिशवीत घालून बोरिवलीला पूर्वाकडे गेले. रविवार होता, नवरा बाहेर गेला होता. पूर्वानं दार उघडलं तेव्हा क्षणभर विजूच उभी आहेसं वाटलं, तेच पडलेले खांदे. मी आत जाऊन बसले आणि पाणीही न पिता सांगून टाकलं. त्या संध्याकाळी आत काय झालं, पानं मी कशी शेजारी धरली, मोरेभाऊंना मी कसं गप्प केलं. नियम मोडला, आतलं बाहेर सांगितलं. "तुझं नाव मी काढलं, पूर्वा," मी म्हटलं. "आणि चुकीचं काढलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "पण आई म्हणाली होती, मीच काढलं."

पूर्वा पुढे बोलत राहिली. "यादी तिच्या अक्षरात होती. घरी आल्यावर मी विचारलं, कुणी काढलं माझं नाव? तर म्हणाली, मी काढलं, समिती काही म्हणो, प्रशिक्षक मी आहे. किती वेळा विचारलं मी, मावशी. भांडून विचारलं, रडून विचारलं. दर वेळी तेच. मला वाटायचं, लोक बोलतात म्हणून हिनं मला काढलं. दुसऱ्यांच्या पोरींना जपायचं म्हणून तिसऱ्या चढाईला मला मरायला पाठवायची, आणि मी मेले म्हणून परत मलाच काढलं. मग मी विचारणं सोडलं. नंतर नंतर बोलणंच सोडलं."

"तुला पाठवायची कारण तिथे पाठवण्यासारखी दुसरी कुणी नव्हतीच," मी म्हटलं. "इतकं साधं होतं ते. तू आमच्या संघातली सगळ्यात चांगली चढाईवाली होतीस. तिला ते माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

याचं उत्तर मी काय देणार? नियम होता म्हणून. मोरेभाऊंचं, माझं, मंडळाचं नाव तिला घ्यायचं नव्हतं म्हणून. माझं नाव घेतलं असतं तर पूर्वानं माझं तोंड पाहिलं नसतं, आणि विजूला मैत्रीण आणि मुलगी यांतलं एक निवडावं लागलं असतं. तिनं सगळा राग स्वतःवर घेतला आणि आम्हा दोघींना जेवायला वाढत राहिली. मी तिला खरं सांगितलं असतं तर निदान शेवटचे दहा महिने तिला ते ओझं खाली ठेवता आलं असतं. मुलीला जवळ बोलावून सांगता आलं असतं. माझ्या हातात होतं ते.

"तू आईला हे सांगितलंस?" पूर्वानं विचारलं.

"नाही."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येऊन जा म्हणेल, आणि ते बरोबरच झालं असतं. गॅस पेटल्याचा आवाज आला, कपबशांचा आला. बऱ्याच वेळानं ती चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवला, त्याच्यावर बशी पालथी घालून तो झाकला आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसली. डोळे लाल होते.

"वही आणलीयस ना?" ती म्हणाली. "उघड. तिनं कुठे कुठे पाठवलं होतं मला, ते सगळं सांग. पहिल्यापासून."

ही चहा झाकायची सवय विजूची. बोलायला आलेल्या माणसाचं बोलणं होईपर्यंत त्याचा चहा गार होऊ नये म्हणून ती कपावर अशी बशी पालथी घालायची, आणि मग समोर बसून म्हणायची, हं, बोल. तिच्या घरी अशा झाकलेल्या चहासमोर मी वर्षानुवर्षं बसले, जगातलं सगळं बोलले. एवढी एक गोष्ट तेवढी बोलले नाही.